वाचकांचे प्रश्न : आधी पाहावे, मग सांगावे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवून ही चारच घेत आहे. चारही पत्रे नाशिक शहरातील आणि जिल्ह्यातील आहेत. लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत. मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी चौतीस वर्षे काम केले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पंचवटीत ओळखीच्या एका मंडळाची अभ्यासिका आहे. तेथे नववी ते बारावीची मुले-मुली संध्याकाळी अभ्यासाला येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी पुढच्या शिक्षणाबद्दल सांगू शकेल असे कोणी नाही, म्हणून मी दर रविवारी सकाळी दीड तास तेथे जाऊ लागलो. पहिल्या रविवारी एकोणीस मुले होती. मी माझे अनुभव सांगितले, परिस्थितीशी झगडून मोठ्या झालेल्या माणसांची उदाहरणे दिली, ध्येय कसे ठरवावे ते फळ्यावर लिहून दाखवले. चौथ्या रविवारी पाच मुले उरली आणि त्यातली दोन खिडकीबाहेर पाहत होती. ‘तुला काय व्हायचे आहे’ असे प्रत्येकाला विचारले, तर निम्म्याहून अधिक जणांनी ‘पोलीस’ किंवा ‘कलेक्टर’ असेच उत्तर दिले. माझे कोठे चुकते आहे? या मुलांच्या अंगी काय आहे ते मला कळावे कसे? — निवृत्त अभियंता, सिडको

उत्तर : आपल्या टूलरूममध्ये नवा अप्रेंटिस आला असता, तर आपण त्याला चार दिवस व्याख्यान दिले असते काय? बहुधा आपण त्याच्या हाती कानस आणि लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा दिला असता, चारही बाजू काटकोनात आण म्हणून सांगितले असते, आणि स्वतःचे काम करता करता तिरप्या नजरेने त्याच्याकडे पाहत राहिला असतात. तो गुण्या लावून उजेडासमोर धरतो की नुसत्या अंदाजाने ‘झाले’ म्हणतो, एक कड जास्त घासली गेली तर लपवतो की दाखवायला येतो, शेजारच्याचे बघून शिकतो की शेजारच्यालाच शिकवू लागतो, हे सारे दोन दिवसांत, एकही प्रश्न न विचारता, आपल्याला कळले असते. अभ्यासिकेत मात्र आपण बोललात आणि मुले ऐकत राहिली. ऐकणारी सगळी मुले सारखीच दिसतात.

‘तुला काय व्हायचे आहे’ हा प्रश्न आपण सगळेच विचारतो, आणि तो फारसा उपयोगाचा नाही. मूल जे पाहते त्यातूनच निवड करते. चौकातला पोलीस त्याने पाहिलेला असतो, कलेक्टर सत्काराच्या भाषणांतून ऐकलेला असतो. टूलमेकर, भूजल सर्वेक्षक, पुस्तकाचे मुद्रितशोधन करणारा किंवा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ त्याने पाहिलेलाच नसतो, मग तो ते मागणार कसे? त्याच्या उत्तरातून त्याच्या परिसराची माहिती मिळते, त्याची स्वतःची फारच थोडी.

म्हणून पुढच्या रविवारी फळ्याकडे जाऊ नका. आपल्या घरी एखादी व्हर्नियर कॅलिपर असणारच. दोन-तीन आणखी मागून आणा, आणि एकाच मापाचे म्हणून विकले जाणारे दहा-बारा बोल्ट घेऊन जा. ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप कसे वाचायचे ते पाच मिनिटांत दाखवा, मुलांना मोजू द्या आणि आकडे वहीत लिहायला सांगा. दोघांची मापे जुळणार नाहीत, आणि खरी गंमत तेथून सुरू होईल. कोणी म्हणेल, माझेच बरोबर. कोणी गुपचूप शेजाऱ्याचा आकडा उतरवून घेईल. कोणी तोच बोल्ट तीन ठिकाणी मोजून ‘सर, हा सगळीकडे सारखा गोल नाहीच’ असे सांगेल. एखाद्या मुलीला मोजण्यात काडीचाही रस नसेल, पण ती सर्वांचे आकडे गोळा करून नीट तक्ता आखेल. त्याच्या पुढच्या रविवारी बिघडलेला मिक्सर न्या, त्याच्या पुढे गोदाघाटावर जाऊन तासाभरात काय काय दिसले ते लिहायला किंवा काढायला सांगा. प्रत्येक वेळी काम वेगळ्या जातीचे हवे, कारण बोल्टापुढे गप्प बसणारा मुलगा घाटावर बोलू लागेल.

घरी आल्यावर वहीत प्रत्येक मुलामागे एक ओळ लिहा. त्या ओळीत त्याने काय केले एवढेच असावे. तो कसा आहे, हे लिहू नये. ‘तीनदा मोजले’ असे लिहा, ‘चिकाटीचा आहे’ असे लिहू नका. हा भेद मी फार उशिरा शिकले. नाशिकमधील एका शाळेत मी सत्तावीस वर्षे गणित शिकवले. माझ्या वर्गातला एक मुलगा गणितात नेहमी नव्वदीच्या वर असे, आणि ‘हा इंजिनिअर होणार’ हे वाक्य मी त्याला, त्याच्या वडिलांना आणि शिक्षकांच्या खोलीत सर्वांना इतक्या वेळा ऐकवले, की ते त्याच्या नावाचाच भाग होऊन बसले. दुसऱ्या वर्षी त्याने अभियांत्रिकी सोडली. काही वर्षांनी भेटायला आला तेव्हा कोणताही राग न ठेवता म्हणाला, ‘बाई, तुम्ही म्हणत होता म्हणून मी कधी विचारच केला नाही.’ आता तो कांद्याच्या गाड्यांच्या वाहतुकीचे वेळापत्रक सांभाळतो आणि त्यात रमलेला आहे. त्याच मुलाने नववीत असताना क्रीडासप्ताहातील सगळ्या सामन्यांचे वेळापत्रक एका संध्याकाळी, एकही खेळाडू दोन मैदानांवर अडकणार नाही असे, करून दिले होते. ते मी पाहिले होते, वाखाणलेही होते. पण त्याचे गुण माझ्या डोळ्यांपुढे इतके मोठे होते की वेळापत्रक त्यांच्यामागे झाकले गेले.

‘मी काही शिक्षक नाही, समुपदेशकही नाही’ अशी शंका आपण पत्राच्या शेवटी व्यक्त केली आहे. ती काढून टाका. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणितज्ञ आणि मेंदूविज्ञानाचे संशोधक अशा सहा क्षेत्रांतील १२० नामवंत तरुणांच्या जडणघडणीचा अभ्यास केला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की यांपैकी अनेकांचे पहिले शिक्षक त्या क्षेत्रातले फार मोठे तज्ज्ञ नव्हते. ते शेजारपाजारचे, प्रेमळ, मुलाला गोडी लावणारे लोक होते. काटेकोर शिस्तीचे आणि त्याहून पुढच्या उंचीचे गुरू नंतरच्या टप्प्यांवर आले. आपले काम त्या पहिल्या शिक्षकाचे आहे. मुलाची गोडी आपल्याला पुरवता येणार नाही इतकी वाढली, की त्याला पुढच्या माणसाकडे पोहोचवावे. सातपूरच्या आयटीआयमधील एखादा निदेशक, महाविद्यालयातील एखादे प्राध्यापक, ओळखीतला एखादा सुतार, जो योग्य असेल तो.

कौतुकाबाबतही थोडे जपायला हवे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. ‘तू हुशार आहेस’ असे ज्यांना सांगितले गेले, ती मुले पुढे अवघड कोडी चुकल्यावर लवकर हिरमुसली. ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे ज्यांना सांगितले, ती अधिक काळ झटत राहिली. आपल्याकडे ‘हुशार आहे पण अभ्यास करत नाही’ हे वाक्य प्रत्येक पालकसभेत ऐकू येते. ते कौतुक म्हणूनही वाईट आणि टीका म्हणूनही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. आपण किती दिवस जाणार आहात? जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली अमेरिकेतील १० ते १६ वयाच्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ एकच मार्गदर्शक लाभला त्यांना सर्वाधिक लाभ झाला, आणि ज्यांचा मार्गदर्शक पहिल्या काही महिन्यांतच निघून गेला त्यांचा स्वतःविषयीचा विश्वास पूर्वीपेक्षाही घटला. म्हणजे अर्ध्यावर सोडण्यापेक्षा सुरूच न करणे बरे. ज्या मुलाला मोठ्या माणसांनी आधीच एक-दोनदा ‘येतो’ म्हणून सांगून तोंड फिरवलेले असते, ते अशा जाण्याचा दोष स्वतःकडे घेते. तेव्हा एकोणीस मुलांची हाव धरू नका. जी पाच उरली आहेत त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीच्या याच महिन्यापर्यंतचे रविवार राखून ठेवा, मुलीच्या सासरी पुण्याला जायचे असेल तर आधल्या रविवारी तसे सांगून जा, आणि जो दिवस सांगाल त्या दिवशी परत या. खिडकीबाहेर पाहणाऱ्या त्या दोघांना एकदा विचारा की बाहेर काय दिसते. मी हे चेष्टेने म्हणत नाही. कंटाळूनही ती दोघे चौथ्या रविवारी आली होती.

प्रश्न : मी एका विद्यार्थ्याला गेले सहा महिने मार्गदर्शन करते आहे. त्याची परीक्षा फी भरण्याची घरची परिस्थिती नाही. मी भरावी का? — गंगापूर रोड

उत्तर : भरावी, पण आपल्या हाताने नको. शाळेमार्फत, मंडळामार्फत किंवा ज्या संस्थेतून तो आपल्याकडे आला तिच्यामार्फत भरावी, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच्याकडूनच भरून घेण्यासाठी एक संध्याकाळ द्यावी. आपण थेट पैसे दिले की मुलगा आपल्याला चुकलेले गणित दाखवायला कचरतो. उपकारकर्त्यापुढे नापास होणे फार जड जाते.

प्रश्न : बाई, पिंपळगाव बसवंतजवळ माझी चार एकर द्राक्षबाग आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे, नाशिकला सीईटीचा क्लास लावला आहे. अकरावीत गुण घसरले. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली म्हणून गेल्या महिन्यात त्याच्याबरोबर वेलीच्या काड्या प्रयोगशाळेत तपासणीला पाठवल्या. अर्ध्या तासाचे काम, पण पोरगा चार तासांनी घरी आला आणि क्लास बुडाला. तेथील मॅडमनी त्याला काडीचा डोळा, म्हणजे जेथून नवी फूट निघते ती कळी, कापून सूक्ष्मदर्शकाखाली आतला घड दाखवला, मग हा उरलेल्या सगळ्या काड्या स्वतःच पाहत बसला. वहीत डोळ्यांच्या आकृत्या काढून आणल्या. मी रागावलो. त्याचे मामा म्हणतात, कल चाचणी करून घ्या म्हणजे पोराच्या डोक्यात काय आहे ते एकदाचे कळेल. करावी का? — द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : करायला हरकत नाही, पण तिच्याकडून जन्मपत्रिकेची अपेक्षा करू नये. अशी चाचणी त्या दिवशी मुलाने दिलेल्या उत्तरांवर उभी असते. तिचा निकाल घेऊन बापलेक तासभर बोलले तर तिचे काम झाले. त्या कागदावरून शाखा ठरवली तर तो त्या कागदावर अन्याय होईल आणि मुलावरही.

चाचणीपेक्षा मोठा पुरावा आपल्या हाती आहे आणि त्यावरच आपण रागावलात. ऑक्टोबरात जो घड बाहेर पडतो तो ऑक्टोबरात तयार होत नाही, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यात तो सूक्ष्म रूपात घडत असतो, आणि त्या दिवसांत डोळ्यावर उजेड पडला नाही, पाने दाट होऊन सावली झाली, तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. म्हणूनच आपण फुटींची विरळणी करता. क्लास, सराव परीक्षा, पुन्हा क्लास, रविवारी शंकानिरसन, अशा दाट वेळापत्रकात या मुलाच्या डोळ्यावर चार तास ऊन पडले, तेही अपघाताने. अर्थात ही उपमा फार ताणू नये. वेलीला विचारता येत नाही, मुलाला येते. आणि त्या चार तासांत त्याला काय आवडले हे आपण त्याला विचारल्याचा उल्लेख पत्रात कोठेही नाही. ते आजच विचारा. सूक्ष्मदर्शक आवडला, आकृती काढणे आवडले, मॅडमचे समजावणे आवडले, की आपल्याच बागेचे भाकीत स्वतः करता येते हे आवडले? चारही उत्तरे वेगळ्या दिशेला जातात.

त्यानंतर त्या मॅडमना जाऊन भेटा. ‘पोराला जरा मार्गदर्शन करा’ असे मोघम न म्हणता, शनिवारी दोन तास त्याला एखादे नेमलेले काम द्याल का, असे विचारा. आलेल्या काड्यांवर चिठ्ठ्या लावणे, नोंदवहीत प्लॉटचे नाव आणि छाटणीची तारीख लिहिणे, मग एकेक डोळा कापून पाहणे आणि आपला अंदाज त्यांच्या अंदाजाशी ताडून बघणे. पन्नासावी काडी पाहतानाही तो कंटाळला नाही, तर ती आवड आहे. पाचव्याच काडीला जांभई आली, तर ते त्या दिवसाचे नवल होते, आणि हे कळणेही काही कमी नाही. अभ्यासाचे म्हणाल, तर कृषी पदवीच्या प्रवेशासाठीही हीच सीईटी लागते, तेव्हा क्लास वाया जाणार नाही. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. दिवाळीच्या सुट्टीत एकदा दोन्हीकडे चक्कर मारून या. मात्र परत येताना गाडीत ‘माझा मुलगा शास्त्रज्ञ होणार’ असे कोणाला फोनवर सांगू नका. वर लिहिलेला माझा अनुभव आपण वाचला असेलच.

आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही गावचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करत. २०१२ साली ते सैन्यात गेले, आणि नौकानयनाशी त्यांचा संबंध आला तो तेथे. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांनी एकेरी नौकानयनात भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांच्या संघातून सुवर्णपदक मिळवले. अवर्षणाच्या पट्ट्यातला मुलगा वल्हे मारण्यात पटाईत निघेल, हे कोणती कल चाचणी सांगणार होती? ज्याच्यापुढे कधी होडी आलीच नाही, त्याच्या उत्तरपत्रिकेत होडी कोठून येणार? त्याला पाण्यावर नेऊन वल्हे हाती देणारे प्रशिक्षक भेटले, तेव्हा ते दिसले. आपल्या मुलाला वल्हे योगायोगाने मिळाले आहे. एक शनिवार क्लास चुकला तर चुकू द्या.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातील आहे. नाशिकला वसतिगृहात राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेले नाही. मला लिहायला आवडते. एका कार्यक्रमानंतर मी एका मोठ्या व्यक्तीला ‘मला मार्गदर्शन कराल का’ असे विचारले. ‘नक्की, फोन कर’ म्हणाले. तीन वेळा केला, उचलला नाही. माझेच काही चुकले का? आमच्या विभागातल्या एक बाई चांगल्या आहेत, पण पुन्हा विचारायची भीती वाटते.

उत्तर : तुझे काही चुकले नाही. फोन न उचलणे ही त्यांची चूक आहे, आणि ती गर्दीत ‘नक्की’ म्हणणाऱ्या अनेकांकडून होते. पण ‘मार्गदर्शन करा’ ही मागणी ऐकणाऱ्याला फार मोठी वाटते. किती दिवस, कशाबद्दल, काय करायचे, हे त्यात काहीच नसते, म्हणून माणूस हो म्हणतो आणि टाळतो. तू बाईंकडे लहान गोष्ट माग. दोन पाने लिहून ने आणि म्हण, ‘बाई, यातला कोणता परिच्छेद कंटाळवाणा झाला आहे, तेवढे खूण करून द्याल का?’ याला दहा मिनिटे लागतात. ती खूण घेऊन पाने पुन्हा लिही आणि पंधरा दिवसांनी दाखव. पहिल्या कागदावरून त्यांना तुझी भाषा कळेल; दुसऱ्यावरून कळेल की तू सांगितलेले ऐकतेस आणि कोठे ऐकत नाहीस, आणि बहुतेक वेळा शिकवणाऱ्याचा जीव त्या दुसऱ्या कागदावर जडतो.

हरसूलजवळच्या सावरपाडा गावच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. त्यामागे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे केलेला अनेक वर्षांचा सराव होता. ‘माझे गुरू व्हा’ असे एकदा विचारून ते नाते होत नाही. रोज मैदानावर येणारी मुलगी आणि रोज घड्याळ लावून उभे राहणारे प्रशिक्षक, यांतून ते होते. तुझे मैदान म्हणजे ती दोन पाने.

काही व्यावहारिक गोष्टीही सांगते. कोणालाही भेटायचे तर विभागात, वाचनालयात, दार उघडे असलेल्या जागी भेट. घरी किंवा संध्याकाळी उशिरा एकटीने बोलावणारा मार्गदर्शक कितीही मोठा असला तरी तेथे जाऊ नको, आणि असे बोलावणे आले तर बाईंना सांग. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये आहे. तेथे जात जा, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांच्या ओळखी अशाच जागी होतात. आणि आवड लेखनाची आहे म्हणून केवळ लेखकच शोधू नको. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशी तुझ्या भागातल्या असतील, तर तुझे पान त्यांना वाचून दाखव. तुझ्या बोलीतला शब्द तू कोठे घाबरून प्रमाण केलास, हे मावशी बाईंच्याही आधी सांगतील.

बाई बुधवारी दुपारी विभागात मोकळ्या असतात, असे तूच पत्रात लिहिले आहेस. येत्या बुधवारी जा.